टेंभरे काकांचा काचेतला कालवा

टेंभरे काका कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी नळ उघडतात. पाणी पिण्यासाठी नव्हे. नळाखाली तांब्या धरायचा, घड्याळाकडे बघायचं, तांब्या भरला की नळ बंद करायचा आणि घरमालकाला निकाल सांगायचा.

मी नवेगाव बांधच्या शाळेत बदलून आलो, त्याला चार दिवस झाले होते. सामान अजून पोत्यांत होतं. तेवढ्यात एक उंच, काटकुळा माणूस सरळ मोरीत शिरला आणि तांब्या भरून बाहेर आला.

"अकरा सेकंद. काई खरं नाही, गुरुजी. पायपात कचरा हाये."

"आपण कोण?"

"बाजूचा," एवढं सांगून ते गेले. संध्याकाळी प्लंबर आला. पायपातून मूठभर शेवाळ आणि एक मेलेली गोगलगाय निघाली.

हिरामण टेंभरे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी कालव्याच्या काठानं सायकल दामटण्यात गेली. नोकरी सुटली, पण पाणी काही सुटलं नाही. "मानूस खोटं बोलते, पानी नाही बोलत," हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकायला मिळतं. केशोरी गावी एका लग्नात मी त्यांच्या शेजारीच जेवायला बसलो होतो. मठ्ठा वाढणारा आमच्यापाशी आला, तसा काकांनी त्याचा हात धरला.

"मुंडक्यावरच सारा सोडून राह्यला तू! शेपटाले काय देशीन? जा, आखरीच्या पानापासून वाढत ये."

तो बिचारा गेला. कालव्याचं पाणीही काका असंच, शेपटाच्या शेतापासून सुरू करून वर आणायचे. शेवटच्या पानांवर नेमकी वरपक्षाची मंडळी होती. ती इतकी खूश झाली की निघताना काकांना वेगळा टॉवेल-टोपीचा आहेर मिळाला. आम्हाला मठ्ठा मात्र मिळाला नाही. आमच्यापर्यंत येता येता बादली रिकामी झाली होती.

अशा माणसाच्या घरी संगणक आला. त्यांच्या नागपूरच्या जावयानं नवा घेतला आणि जुना सासऱ्यांना दिला. जुना म्हणजे काय, तरण्या पोरांचे खेळ खेळायचा, एका बाजूला काच असलेला, आत निळे-जांभळे दिवे लागणारा भलामोठा डबा. काकांनी त्यावर खेळ खेळले नाहीत. कुठलीशी नकाशे काढायची प्रणाली शिकून त्यांनी आपला सगळा कालवा आठवणीतून उभा करायला घेतला. प्रत्येक दरवाजा, प्रत्येक पूल, ज्या बाभळीखाली शिदोरी सोडायचे ती बाभूळसुद्धा. त्यातून पाणी सोडलं की ते पडद्यावर खरोखर वाहायचं. मात्र एवढं काम पडलं की त्या डब्यातले पंखे असे काही घोंघावायचे, की रस्त्यानं जाणारे आत डोकावून विचारायचे, "काका, एवढ्यातच धान निंघाला का? मशीन लावली वाटते!"

श्रावणातल्या एका सकाळी काका माझ्याकडे आले. नळ उघडला नाही, तेव्हाच मी ओळखलं की काम गंभीर आहे.

"गुरुजी, कम्प्युटरले पानी द्याचं हाये."

"काका, शॉक लागेल!"

"फवारा नाही मारून राह्यलो. बंद पायपातून फिरवाचं. लोकं करतेत, मी पाह्यलं."

"पण कायले?" त्यांच्या संगतीत माझीही भाषा बदलत चालली होती.

"तापते."

मी जाऊन पाहिलं. तापमानाचा आकडा पडद्यावर दिसतच होता. तसं काळजीचं काही नव्हतं. मी तसं सांगितलंही. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तुमी विज्ञान शिकवता. कालवा नाही शिकवत. पोऱ्याच्या आत झालं पायजे."

पोळ्याला जेमतेम तीन आठवडे उरले होते. पोळ्याचा आणि संगणकाचा काय संबंध, असं मी विचारलं. "झालं पायजे म्हंजे झालं पायजे," हे उत्तर मिळालं. घरात ते तेव्हा एकटेच होते. मी गावात यायच्या आधीपासूनच काकू दवाखान्यासाठी नागपूरला लेकीकडे गेल्या होत्या. मी त्यांना अजून पाहिलंही नव्हतं. एकट्या माणसाला उद्योग हवा असतो, असं म्हणून मी मदतीला तयार झालो.

रविवारी आम्ही गोंदियाला गेलो. संगणकाच्या दुकानाचे शेठ भले माणूस. त्यांनी कारखान्यातूनच पाणी भरून सीलबंद येणारा संच पुढे ठेवला. "ये ले जाओ अंकल. बस चार स्क्रू कसने हैं."

"पानी कहाँ दिखता इसमें?"

"दिखता नहीं, अंदर है."

"जो पानी दिखता नहीं, उसका क्या भरोसा?" काकांनी तो संच बाजूला सारला.

मग सुटे भाग निघाले. पाण्याची टाकी, पंप, रेडिएटर, नळ्या आणि प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा. काकांनी अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर परत केला. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एका पाण्यात नांदत नाहीत, एकमेकांना खातात, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. त्यानंतर त्यांनी पंप चालू करून मागितला. त्याला कान लावला.

"ये बोलता है."

"अंकल, पंप है. बोलेगा नहीं तो क्या करेगा?"

"चूप वाला दिखाव."

दुसरा झाला. तिसरा झाला. मग पंख्यांची पाळी. काका प्रत्येकाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. दुकानात गर्दी जमली. शेठ शेवटी हात जोडून म्हणाले, "अंकल, पंखा ले रहे हो या बहू पसंद कर रहे हो?"

"बहू बोली तो चलता," काका म्हणाले. "पंखा नहीं चलता."

तीन तासांनी आम्ही बाहेर पडलो तेव्हा काकांच्या पिशवीत सगळ्यात मोठा रेडिएटर, सगळ्यात मुका पंप आणि संथ फिरणारे तीन मोठे पंखे होते.

दुसऱ्या दिवशी आलेखाच्या कागदावर नकाशा तयार झाला. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'टेंभरे शाखा कालवा, कि.मी. ०.००० ते ०.००२.' नळी दोन मीटर लांब होती. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन शेतकरी. आधी पाणी कोणाला, यावर काका दोन दिवस अडून बसले. मी म्हटलं, "काका, पाणी इतकं भरभर फिरतं की पहिला कोण आणि दुसरा कोण, यानं काही फरक पडत नाही."

त्यांनी नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे शेवटच्याची तक्रारच नाही? असा कालवा नोकरीत एकबी नाही भेटला, गुरुजी." त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं.

जोडणी झाली. आता गळतीची चाचणी. संगणकाला वीज द्यायची नाही, फक्त पंप फिरवायचा. प्रत्येक सांध्याखाली पांढरा पातळ कागद अंथरायचा आणि चोवीस तास नजर ठेवायची. काकांनी त्यासाठी नोंदवही घातली. शाळेच्या आधी सहा ते नऊ माझी ड्युटी लागली. नळीत हवेचे बुडबुडे अडकले होते. ते निघावेत म्हणून काका अधूनमधून तो डबा दोन्ही हातांनी उचलून तान्ह्या लेकराला ढेकर काढतात तसा तिरका करायचे.

साडेआठला कागदावर एक थेंब दिसला.

मी हाक मारली. काका धावत आले, पंप बंद केला, खोलीचं दार लावून घेतलं. "कोनी हालाचं नाही." खोलीत आम्ही दोघंच होतो. पंचनामा सुरू झाला. सांधा कोरडा होता. नळी कोरडी होती. टाकीतली पातळी खुणेवर होती. काकांनी थेंबाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी नुकताच आंघोळ करून, डोक्याला खोबरेल चोपडून, वाकून वाकून सांधे तपासत होतो. नोंदवहीत आजही ते वाचायला मिळेल: 'वेळ ८.३०. गळती नव्हे. गुरुजींचा घाम. चवीस खारट.'

कालवा झाला की जलपूजन आलंच. सरपंचबाईंना रीतसर निमंत्रण गेलं. वीस-पंचवीस माणसं जमली. नारळ अंगणात फोडला, कारण "दुसरं पानी आत नाही पायजे." काचेवर कुंकवाचं बोट उमटलं. कोणीतरी गर्दीतून विचारलं, "काका, यानं किती एकर भिजल?"

"एक टेबल. तोबी भिजला तं काम फेल," काका म्हणाले.

सरपंचबाईंनी 'या प्रकल्पामुळे' असं म्हणत चार वाक्यं रेटली आणि बटण दाबलं. सगळे पुढे सरकले. काहीच ऐकू येईना. ना घरघर, ना घोंघाट.

"नाही झालं वाटते चालू," एक म्हातारा हळहळला. "जाऊ द्या काका, होते असं. सरकारी कालव्याचंबी असंच होते."

सरपंचबाईंनी काचेला कान लावला. मग मी लावला. पडदा उजळला तेव्हा कुठे लोकांना पटलं आणि टाळ्या वाजल्या. काका मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांना हातानं थांबवत होते. त्यांना ती शांतता ऐकायची होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी काकू आल्या. शाळा सुटल्यावर मी भेटायला गेलो. काका दाराकडे पाठ करून संगणकापाशी बसले होते. पडद्यावर कालवा वाहत होता. मी खुर्ची ओढून बसलो. ते मला एका दरवाजाची हकीकत सांगू लागले आणि वाक्य अर्धवट टाकून एकदम उठले, आत गेले. थोड्या वेळानं परत आले.

"काय झालं?"

"बलावलं तिनं."

"मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"तुमाले नाही येवाचं." ते खाली बसले. पडद्याकडे पाहतच बोलू लागले. "घशाचं आपरेशन झालं. आवाज आता एवढाच रायल म्हनते डाक्टर. फुंकर मारल्यावानी. आपरेशनच्या आंदी बसतच चालला होता, पन माह्या ध्यानात नाही आलं. एक दिवस मी इथंच बसून होतो. मशीन घुमून राह्यली होती. तिच्या घशात घास अडकला. ती आतून बलावत होती आन मी इथं बाभूर काढून राह्यलो होतो. भिताड धरत धरत आली, माह्या खांद्यावर हात ठेवला, तवा मी मागं पाह्यलं."

 "मग बंदच करून टाकायचा होता हा संगणक," मी उगाच म्हणालो.

"केला होता ना बंद. आठ दिवस. तिलेच नाही पटलं. म्हने, तुमी माह्या तोंडाकडे पाहत बसता, मले घास नाही उतरत." ते किंचित हसले. "तिचा आवाज वाढवनं काई माह्या हाती नाही, गुरुजी. म्हटलं, घराचा कमी करू."

काकू दारात आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, गळ्याभोवती पदर घट्ट लपेटलेला. त्यांनी मला हात जोडले आणि काहीतरी विचारलं. ओठ हलले एवढंच मला दिसलं. मी पुढे वाकलो, कान दिला. काही केल्या कळेना.

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही, की मान वळवली नाही.

"साखर इचारून राह्यली, गुरुजी," ते म्हणाले. "एक चमचा का दोन?"