एस्तेर टीचरची मर्यादा

एस्तेर टीचरच्या पदराला खांद्यापाशी कायम आठ-नऊ सेफ्टीपिना असत आणि त्यातली एकच त्यांच्या स्वतःच्या कामाची असे. बाकीच्या जगासाठी. बसस्टॉपवर, भाजीच्या गाडीपाशी, चर्चच्या पायरीवर, कुठंही कुणाची ओढणी घसरलेली दिसली की टीचर पुढं होत, तमिळमध्ये "एक मिनिट हं" म्हणत आणि त्या बाईला काही कळायच्या आत तिच्या खांद्यावर पीन बसलेली असे. पीन कधी कुणाला टोचली नाही. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेला हात होता तो.

मी त्यांच्या घरी माडीवर भाड्यानं राहायला गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. सांगलीहून चेन्नईला आलेली, तरमणीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागलेली. तिरुवल्लिकेणीत एकट्या मुलग्यांसाठी गल्लोगल्ली मॅन्शनं, म्हणजे भाड्याच्या खोल्यांची लॉज होती, पण एकट्या मुलीला खोली मिळता मिळत नव्हती. टीचरनी दार उघडलं आणि मला खालून वर बघायला सुरुवात केली. चपला पास झाल्या. जीन्सपाशी नजर थोडी अडखळली आणि बिनबाह्यांच्या कुर्त्याशी येऊन थांबलीच.

"नेटिव्ह प्लेस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सांगली. महाराष्ट्रात."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "सांगली? मिरजेजवळची?" आणि पुढचं वाक्य स्वच्छ मराठीत आलं. "मग बाह्या कुठं राहिल्या गं? रेल्वेत इसरलीस काय?"

टीचरचे वडील रेल्वेत गार्ड होते आणि त्यांची नेमणूक सोलापूरला होती. टीचर चौदा वर्षांच्या होईपर्यंत तिथंच वाढल्या. मग वडील गेले, आई पोरांना घेऊन मद्रासला परत आली आणि टीचरची मराठी तिथंच, चौदाव्या वर्षीच थांबली. त्यामुळं बासष्ट वर्षांची ही पांढऱ्या साडीतली कडक बाई रागावली की मला म्हणायची, "जा, कट्टी तुझ्याशी." आणि खरंच दुपारपर्यंत बोलायची नाही.

त्यांचा सगळ्यात आवडता शब्द होता 'मर्यादा'. कुणी नाइटी घालून वर नुसता टॉवेल टाकून दुधाला आली, मर्यादा न्हाई. टीव्हीवर नाच लागला, मर्यादा न्हाई. माझी चिडचिड व्हायची. मी म्हणायचे, "टीचर, काळ बदलला. ऑफिसात सगळ्या असेच कपडे घालतात." त्या म्हणायच्या, "काळ बदलला, खांदा तोच हाय की."

एकदा मी जरा जोरातच विचारलं, "देवाला काय करायचंय आमच्या बाह्यांशी? तो काय कपडे बघतो का?"

"देवाला येवढा येळ न्हाई," टीचर सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "माणसं बघालेत की. त्यांच्यासाठी सांगालीय."

दर रविवारी सकाळी चर्चच्या दारात त्या एक कापडी पिशवी घेऊन उभ्या राहायच्या. पिशवीत पंधरा-वीस ओढण्या असत, सगळ्या स्वतः शिवलेल्या, धुऊन इस्त्री केलेल्या. बिनओढणीची मुलगी आली की तिला एक मिळायची, प्रार्थना संपली की परत करायची. त्यांचे गुडघे दुखत म्हणून पुढं पुढं पिशवी न्यायला मी जायला लागले. मी हिंदू, मला आत जायची गरज नव्हती. मी बाहेर बदामाच्या झाडाखाली बसून गंमत बघायचे.

तिथं बसल्यावर मला हळूहळू वेगळंच काही दिसायला लागलं. टीचरचा खरा राग उघड्या खांद्यांवर नव्हताच. तो होता सोन्यावर. एका रविवारी मिसेस सॅम्युएल आल्या. यांच्या नवऱ्याचा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे भाग बनवायचा कारखाना. अंगावर जरीची कांजीवरम आणि गळ्यात हार असा की गळा दिसत नव्हता. टीचर पुढं झाल्या, त्यांचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि हनुवटीखाली पीन लावून टाकली. हार गायब. मिसेस सॅम्युएल इतक्या चकित झाल्या की तशाच आत गेल्या. त्यांचा आरडाओरडा प्रार्थना संपल्यावर झाला.

घरी येताना मी म्हटलं, "टीचर, ती तर नखशिखांत झाकलेली होती."

"त्यांच्या मागच्या बाकावर मासे विकणाऱ्या बायका बसतात," टीचर म्हणाल्या. "पुढं येवढं सोनं दिसलं की त्या डोळे मिटून आपलाच गळा चाचपतात. मी बघितलंय. मग प्रार्थना कुठली? त्यांची मर्यादा ठेवायला नको?"

मी ऑफिसात एका तमिळ मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, आमच्या भाषेत मरियादै म्हणजे मान. आदर. तेव्हा कुठं मला कळलं की सोलापुरातून आणलेल्या शब्दात बाईंनी चेन्नईचा अर्थ भरला होता. वर्षभर मी 'हद्दीत राहा' असं ऐकत होते आणि त्या 'दुसऱ्याचा मान ठेव' असं सांगत होत्या.

पुरुषही सुटत नसत. गिटार वाजवणाऱ्या एका पोराची पँट फार खाली आलेली होती, त्याला त्यांनी सगळ्यांदेखत परकराची नाडी दिली. त्यानं ती बांधली.

पण तक्रारी वाढत गेल्या. चर्चला नवीन पाळक, म्हणजे पास्टर, आले होते, तिशीतले, बेंगळूरहून शिकून आलेले. जीन्समधली तरुण मुलं चर्चला येतात याचाच त्यांना आनंद होता. ख्रिसमसच्या आधी ते टीचरकडे घरी आले. मी चहा केला.

"टीचर," पाळक अगदी नरमाईनं म्हणाले, "आपला प्रभू दारात उभा राहून कुणाला परत पाठवत नव्हता."

टीचर म्हणाल्या, "मी कुणाला परत पाठवते? मी पीन लावून आत पाठवते."

पाळकांना हसू आवरेना. पण चर्चच्या कमिटीचं ठरलं होतं. नव्या वर्षापासून टीचरनी दारात उभं राहू नये, इतरांसारखं आत येऊन बसावं. टीचरनी मान डोलावली. पाळक गेल्यावर त्यांनी पिशवीतल्या सगळ्या ओढण्या पुन्हा धुतल्या आणि दोन दिवस त्या माझ्याशीच काय, कुणाशीच बोलल्या नाहीत.

ख्रिसमस शनिवारी झाला. दोन हजार चार साल. दुसऱ्या दिवशी रविवार, पिशवीचा शेवटचा रविवार. आदल्या दिवशीच्या गर्दीनं लोक दमलेले, चर्च अर्धं रिकामं. मी झाडाखाली बसले होते. नऊच्या सुमाराला समुद्राकडच्या रस्त्यानं माणसं पळत यायला लागली. "तण्णी, तण्णी" एवढंच ऐकू येत होतं. पाणी. मला वाटलं कुठं तरी पाण्याचा पाइप फुटला. मग पहिली बाई फाटकातून आत आली, डोक्यापासून पायापर्यंत वाळूनं माखलेली, आणि मला कळलं की हे काही तरी निराळं आहे. त्सुनामी हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता.

चर्चची दारं सताड उघडली. कोळीवाड्यातले लोक येत राहिले. पाण्यानं बायकांच्या साड्या ओढून नेल्या होत्या. कुणी नुसत्या परकरावर, कुणी छातीशी हात धरून. टीचर दारात होत्याच. आलेल्या प्रत्येकीच्या अंगावर त्या एक ओढणी टाकत होत्या, पीन लावत होत्या, खांद्यावर हात ठेवून आत पाठवत होत्या. पाच मिनिटांत पिशवी रिकामी झाली आणि पदरावरच्या पिना संपल्या.

तेवढ्यात एक म्हातारा कोळी आला आणि ओरडून सांगायला लागला की रस्त्यापलीकडं, अर्धवट बांधलेल्या संडासाच्या भिंतीमागं एक बाई बसलीय. पाणी पुन्हा येणार म्हणतायत, सगळे हाका मारतायत, पण ती बाहेर येत नाही. ओढायला गेलं तर दगड मारतेय. डोकं फिरलंय तिचं.

टीचर म्हणाल्या, "डोकं फिरलं न्हाई तिचं." हे त्या मला म्हणाल्या, मराठीत. "अंगावर कापड न्हाई तिच्या. कशी येईल?"

आणि त्या निघाल्या. त्या गुडघ्यांनी त्या इतक्या भरभर चालू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी मागून पळत होते. माझ्या अंगावर टी-शर्ट आणि जीन्स, द्यायला एक धागा जास्तीचा नव्हता.

भिंतीच्या अलीकडं वीस-पंचवीस पुरुष उभे होते. सगळे ओरडत होते, बिचारे तिच्या काळजीनंच. टीचर त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि शाळेत वर्ग शांत करायच्या आवाजात एकच शब्द म्हणाल्या, "तिरुम्बु." वळा. ते वीस-पंचवीस पुरुष, त्यात एक पोलीस, मुकाट्यानं समुद्राकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

टीचर भिंतीमागं गेल्या. आतून दोघींचं हळू बोलणं ऐकू आलं. माझं सगळं लक्ष समुद्राकडं होतं. पाणी खूप आत ओढलं गेलं होतं आणि समुद्राचा तळ उघडा पडला होता.

मग त्या बाहेर आल्या. पुढं वीस-बावीस वर्षांची एक मुलगी, टीचरची पांढरी साडी तिला नीट नेसवलेली, निऱ्यांसकट. निऱ्या घालायला टीचरनी तिथंही वेळ काढला होता. मागून टीचर, ब्लाउज आणि परकरावर. मान ताठ. मुलीच्या पाठीवर हात ठेवून त्या चालत आल्या आणि आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत त्या माणसांपैकी एकानंही नजर वर केली नाही. मग पोलिसानं "पळा" म्हणून हाक दिली आणि सगळेच पळाले. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा पाणी परत आलं. पहिल्याइतकं मोठं नव्हतं म्हणतात. पण त्या भिंतीवरून ते सहज गेलं.

मुलीला आत पाठवल्यावर टीचर चर्चच्या पायरीवर थांबल्या. आत येईनात.

"चला ना टीचर," मी म्हटलं.

"अशी? न्हाई." त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले होते. "मी इथंच बसते."

पाळक दारात आले. त्यांनी टीचरकडं एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. त्यांनी आपला प्रार्थनेचा पांढरा झगा डोक्यावरून काढला आणि खाली बघतच पुढं केला. मी तो टीचरच्या अंगात घातला. तो त्यांना पायघोळ झाला. टीचरनी बाहीची कड बोटांत धरून पाहिली.

"शिवण उसवलीय," त्या पाळकांना म्हणाल्या. "उद्या शिवून देते."

पाळक मान हलवून हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कमिटीच्या त्या निर्णयाचं पुढं कुणी नावही काढलं नाही. जानेवारीतही टीचर दारातच होत्या.

दुपारी आम्ही घरी आलो. मोबाइल लागत नव्हते, पण टीचरच्या घरचा फोन चालू होता आणि तो वाजायला लागला. टीव्हीवर चेन्नई दिसत होती ना. आई, बाबा, काका, कॉलेजची मैत्रीण, पुण्याची मामी, शेजारचे जोशीसुद्धा. फोनशेजारच्या खुर्चीवर टीचर बसल्या होत्या. प्रत्येक वेळी त्याच उचलायच्या, "हलो" म्हणायच्या, थोडं ऐकायच्या आणि रिसीव्हर माझ्याकडं द्यायच्या. "नेत्रा, तुला." संध्याकाळपर्यंत दहा-अकरा वेळा "नेत्रा, तुला."

मला फार उशिरा सुचलं. "टीचर, तुमच्याकडून कुणाला कळवायचंय का? कोइमतूरला भाऊ आहेत ना?"

"त्याला ठाऊक हाय, रविवारी मी चर्चला असते," त्या म्हणाल्या. "चर्चला काय होणार, असं वाटलं असेल." मग त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, फोन चालू आहे याची खात्री केली आणि पुन्हा ठेवला.

सात वाजता आईचा दुसरा फोन आला. मी तिला सकाळचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना दे फोन."

टीचरनी माझ्याकडं बघितलं. "मला?" त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. आई काय बोलत होती मला ऐकू येत नव्हतं. टीचर नुसतं "होय" म्हणत होत्या. "होय... न्हाई, लागलं न्हाई... न्हाई, अजून न्हाई... होय, करते." मग त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली आई?"

"जेवलात का विचारली." त्या जरा थांबल्या. "मला एस्तेरताई म्हणाली गं. सोलापूर सुटल्यावर मला कुणी ताई म्हटलं न्हाई. इथं सगळे टीचरच म्हणतात."

टीचर खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या आणि स्वयंपाकघराकडं वळल्या.

"बस तू," त्या म्हणाल्या. "भात टाकते. तुझ्या आईनं सांगितलंय."