परुळेकर सरांची पिंपं

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी फळ्यावर पाण्याची वेळ लिहितात आणि तिच्याखाली परुळेकर सर हृदयाची पेशी काढतात. कुणी ती पुसली, तर दुसऱ्या दिवशी आणखी मोठी काढतात.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. नोकरीतून निवृत्त झाले, शिकवण्यातून नाही. पाणीकपात लागली की जिन्यात उभे राहतात.

"पाणी कमी आलं की तुम्ही दाराबाहेर पिंपं वाढवता ना? हृदयाची पेशी तेच करते. रक्त कमी पडलं की अंगावर जास्त ग्राही, म्हणजे रिसेप्टर, आणून ठेवते, अ‍ॅड्रेनलिन टिपायला. मग दचकल्यावर सुटणारं जरासं अ‍ॅड्रेनलिनही तिला फार होतं. ठोका बिघडतो. म्हणून सांगतो, कुणाला दचकवू नका!"

"सर, आधी तुमचं पिंप सरकवा," राऊतकाकू म्हणतात. "त्याला पाय अडकून आम्हीच दचकतोय."

मीही हसायचो. मग गेल्या वर्षी माझ्याच छातीत कळ आली. स्टेंट घालून घरी आलो, पण जिना उतरायची भीती बसली. सर रोज पाचला यायचे. बेल वाजवायचे नाहीत. मी दचकेन म्हणून दारावर नखाने टकटक करायचे. दंडाला धरून एकेक पायरी उतरवायचे. "हळू, हृदयवंत, हळू. घाई कुणाला आहे?"

दोन महिन्यांत मी नीट चालू लागलो. मग त्यांच्याकडे चहाला जाऊ लागलो. मग कंटाळलो. खरं सांगायचं तर त्यांना लांबून पाहून मागच्या गेटने घरी यायचो. सर एकटे राहतात, हे मला माहीत होतं. तरीही.

परवा फळ्यावर पाण्याची वेळ होती, खाली पेशी नव्हती. वर गेलो. बेलकडे गेलेला हात मागे घेतला आणि नखाने एकदाच टकटक केली. बोट दारावरून उचलायच्या आत दार उघडलं.

"या, या!" सरांना धाप लागली होती.

आत टेबलाभोवती चार खुर्च्या, चार कप.

"कुणी येणार आहे का, सर?"

"नाही हो." ते फडक्याने खुर्ची पुसत राहिले. "तुम्ही यायचात तेव्हा एकच खुर्ची मांडायचो. मग तुम्ही येईनासे झालात..."

चारांतल्या कुठल्या खुर्चीवर बसावं, मला कळेना.