मधी कोन हाय?

रविवार, नऊ मार्च. वर्षाच्या चटणीसाठी मिरच्यांची देठं खुडत बसले होते. हातांची आग होत होती, तेवढ्यात शेजारचे आप्पा दारात उभे.

"वैनी, फोन आना. जुनं ॲप काढायचं, नवं घालायचं."

दिवाळीपासूनचं हे चौथं.

आप्पा कागलच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. कशालाही त्यांचा एकच प्रश्न, "ह्यात मधी कोन हाय?" दूधसुद्धा ते म्हशी उभ्या असतात त्या कट्ट्यावर जाऊन, समोर धार काढून घेतात आणि तिथंच पितात. मधे फक्त म्हैस. सगळं जग ज्या ॲपवर बोलतं, ते त्यांनी कधीच सोडलंय.

"आप्पा, तुमचं गुडघेदुखीचं बोलणं चोरून ऐकायला कोण बसलंय?" मी एकदा विचारलं.

"आवो, मीच ऐकायचो की! ट्रंक कॉल जोडला की कान तितंच. कागलात कुनाची सोयरीक मोडली, ते मला पयलं कळायचं."

आप्पांच्या प्रत्येक नव्या ॲपवर आख्खी गल्ली जाते. नाही म्हटलं तर ते दारातून हलत नाहीत. पहिल्या ॲपमधले निरोप आपोआप पुसले जायचे. सत्यनारायणाचं आमंत्रण कुणी वाचायच्या आत गेलं आणि पातेलंभर शिरा उरला. दुसऱ्यावर नंबर नको, नाव नको. तिथला 'ढाण्या वाघ' नक्की कोण, यावर गल्लीत आठवडाभर भांडणं. निघाले जोशीमास्तर. तिसऱ्याला म्हणे मालकच नव्हता. ज्यानं त्यानं आपापला सर्व्हर चालवायचा. आमचा सर्व्हर म्हणजे आप्पांच्या टीव्हीशेजारचा जुना कॉम्प्युटर. लाइट गेली की सगळं बंद. मग आप्पा गच्चीवरून ओरडून निरोप द्यायचे. तेव्हा मात्र मधे खरंच कोणी नसायचं.

त्या रविवारी मी वैतागले. "आता बास, आप्पा. तिसरं बरं चाललं होतं की. सुजाता पण आली होती त्यावर."

सुजाता त्यांची मुलगी. बेंगळुरूला नोकरी करते. बायको वारल्यापासून आप्पा घरात एकटेच.

आप्पा खाली बसले. एक मिरची उचलून तिचं देठ खुडायला लागले.

"आली हुती की. पर नवं ॲप तिला लगीच जमत न्हाय. मग फोन करती. 'आप्पा, आता कुठं दाबू?' तास तास चालतंय. जेवलीस का, पोरं काय म्हनत्यात, समदं निघतंय त्यात. आनि एकदा का जमलं..." त्यांनी अंगठा वर करून दाखवला. "निस्तं ह्ये येतंय."

मी उठले. हात धुतले आणि फोन आणून दिला.

सोमवारी सकाळी कुकर लावला आणि सुजाताला फोन केला.

"काकू, आप्पांचं परत नवीन ॲप? मला वेळ नाहीये हो."

"घे ते," मी म्हटलं. "फक्त लवकर जमवू नकोस."