गुलाबाचे कप नदीपार जातात

एका जंगलात, म्हणजे जिथं मोबाइलची रेंज अजून पोचलेली नाही पण प्लॅस्टिकच्या पिशव्या पोचल्यात अशा एका जंगलात, साळिंदर नवरा-बायको राहायचे. नवऱ्याचं नाव दाजीबा. बायकोचं नाव द्वारका. पण सगळं जंगल तिला द्वारकाकाकू म्हणायचं, कारण नुसतं द्वारका म्हणायची कुणाची छाती नव्हती.

साळिंदर म्हणजे ठाऊक आहे ना? ज्याच्या अंगभर काटे असतात ते. नाही ठाऊक? मग तुमच्या गणिताच्या बाई डोळ्यांसमोर आणा. हां. तसंच.

दाजीबा पाणवठ्यावर मुकादम होता. आधी कुणी प्यायचं, मागून कुणी प्यायचं, हे तो सांगायचा आणि कुणी ऐकायचं नाही. अशी इमानदारीची नोकरी करून तो रिटायर झाला.

काकूंना नाद एकच. चांगल्या वस्तू घ्यायच्या आणि जपायच्या. माकडांचा सेल लागला की रांगेत पहिल्या ह्या. बिळात सोफा होता. सोफ्यावर प्लॅस्टिक. प्लॅस्टिकवर चादर. चादर मळू नये म्हणून वर जुनं लुगडं. नवरा-बायको बसायचे जमिनीवर. काटेवाल्यांनी सोफ्यावर बसायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

मग सोफा घेतला कशाला? हे कुणी विचारलं रे? तू पुढं संसार करू नकोस. खाली बस.

काचेच्या कपाटात चहाचा सेट होता. सहा कप, पांढरे, पातळ, आणि प्रत्येकावर एक गुलाब. त्या गुलाबावर दाजीबाचा जीव. लग्न झाल्यापासून त्याची एकच इच्छा होती, एकदा त्या कपातून चहा प्यायचा. त्याचा रोजचा कप कान तुटलेला. तो दोन्ही पंजांत धरून दाजीबा फू फू करायचा आणि कपाटाकडं बघायचा.

"अगं, आज काढ की ते कप."

"पाहुणे आले की काढू."

पाहुणे काय यायचे नाहीत? मेहुणा आला. "तो कसला पाहुणा, घरचाच." व्याही आले. "त्यांच्या हाताला कंप आहे." एकदा तर खुद्द वाघ आला. तेव्हा मात्र काकूंनी सेट काढला, धुतला, पुसला आणि परत ठेवून दिला. वाघ चहा घेत नाही. तो जे घेतो, ते घरात दोनच नग होते.

तर काय झालं, नदीपलीकडं दुसरा देश होता. तिथल्या राजानं दवंडी पिटली. "रिटायर झालेल्या जनावरांनो, इकडं राहायला या! हवा थंड, गवत मऊ, शिकारी नाही. येताना घरचं सामान आणा, त्याला जकात माफ!"

झालं. अख्खं जंगल एका रात्रीत म्हातारं झालं. काल उड्या मारणारी हरणं आज काठी टेकत चालायला लागली.

काकूंनीही जायचं ठरवलं. बीळ मुंगसाला विकलं आणि बांधाबांध सुरू केली.

"परदेशात जायचं म्हणजे परदेशाला शोभेल असंच न्यायचं," काकू म्हणाल्या. पोचे आलेलं पातेलं, काळा तवा, ठिगळांची गोधडी, दाजीबाचा कानतुटका कप, सगळं शेजारच्या घोरपडीला देऊन टाकलं.

घोरपड म्हणाली, "काकू, एवढं वापरलेलं आम्हाला होय?"

"घे गं, घासून दिलंय."

मग रेड्याच्या पाठीवर सोफा, चादरी, न फुंकलेली शेगडी, न वाजलेला कुकर, पेटीत गवत घालून गुलाबाचा सेट, असा सगळा थाट नदीवर आला.

नदीवर जकातनाका होता. म्हणजे वाळूत एक दोरी आडवी लावलेली आणि दोरीमागं खेकडा बसलेला. हा खेकडा जन्मात कधी सरळ चालला नव्हता, पण कायद्याबाहेर त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

"काय काय आणलंय, मावशी?"

इथं काकूंनी पदर खोचला आणि घोटाळा केला.

"बघा की! सगळं कोरं आहे. एकदासुद्धा वापरलेलं नाही. सोफ्याला अजून पाठ टेकलेली नाही कुणाची. आणि ह्या कपांना तर चहा म्हणजे काय ते माहीत नाही!"

"हे मात्र खरं आहे हो," दाजीबा मागून म्हणाला आणि त्यानं सुस्कारा सोडला.

खेकड्याचे डोळे आधीच बाहेर असतात. ते आणखी बाहेर आले. "एकदाही वापरलं नाही?"

"शपथ घेऊन सांगते."

"कुणाची?"

"ह्यांची."

"मग ऐका. जकात माफ आहे ती घरच्या सामानाला. वापरलं तर ते सामान. वापरलं नाही तर तो माल. हा माल आहे. मालावर जकात निम्मी. दोन वस्तूंतली एक सरकारजमा."

"अहो, पण सोफा एकच आहे!"

"मधून कापू," खेकडा म्हणाला आणि त्यानं नांगी वाजवली. कट्. कट्.

द्वारकाकाकू मटकन वाळूत बसल्या. ज्या काकूंनी उभ्या जंगलाला धाक घातला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीन गुलाब सरकारात? अहो, सहाचा सेट असतो हो तो. उरलेल्या तिनांचं करू काय? पाहुणे आले तर?"

परत जावं, तर बिळात मुंगूस. पुढं जावं, तर निम्मा संसार खेकड्याच्या नांगीत.

दाजीबा मात्र खेकड्याकडं सरकला. जन्मभर त्यानं नियम सांगितले होते आणि लोकांनी ते कसे चुकवले हे बघितलं होतं. असा माणूस, म्हणजे असं जनावर, फार शिकलेलं असतं.

"साहेब, वस्तू वापरलेली आहे हे तुम्ही ओळखता कशावरून?"

"डाग बघतो. तडा बघतो. वास घेतो."

"आणि ती वापरायची कधी?"

"ही दोरी ओलांडायच्या आधी. पुढचं कायद्यात काही नाही."

दाजीबानं दोरीकडं बघितलं. मग रेड्याकडं बघितलं. रेडा अलीकडंच होता.

"कासवाची होडी सुटते कधी?"

"दिवस मावळताना. तेव्हाच तपासणी." एवढं बोलून खेकडा आकाशाकडं बघत बसला. आकाशात बघायला कायद्याची बंदी नव्हती.

दाजीबा बायकोपाशी आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज जरा मोठा निघाला. "अगं, चहा टाक."

"आत्ता?"

"आत्ता. त्या कपांत."

"अहो, पण पाहुणे कुठायत?"

दाजीबानं मागं बोट दाखवलं. नाक्यावर ही लांब रांग लागलेली. चिखलानं माखलेली रानडुकरं, माकडं, काठ्या टेकलेली हरणं, एक बहिरा करकोचा.

"हे पाहुणे?" काकूंचे काटे उभे राहिले. "ह्यांना तर मी अंगणातसुद्धा—"

कट्, कट्, पलीकडून आवाज आला.

"या हो या!" काकू ओरडल्या. "लाजू नका, आपलंच घर आहे! सगळ्यांनी चहाला या!"

पातेलं तर घोरपडीकडं. म्हणून चहा नव्या कुकरमध्ये टाकला. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि बंदूक समजून हरणं काठ्या टाकून जी पळाली, ती थेट टेकडीवर दिसली. तेव्हा कळलं, म्हातारी किती होती ते.

सोफ्याचं लुगडं निघालं. चादर निघाली. प्लॅस्टिक निघालं. काकू सोफ्याच्या काठावर टेकल्या. टर्र!

"बाई गं!" त्या उठल्या. मग परत टेकल्या. मग हळूच मागं रेलल्या. टर्र, टर्र, टर्र.

काकूंनी पंजानं गादी दाबून बघितली. मग म्हणाल्या, "अहो, हा असा मऊ होता?"

"मला काय ठाऊक? मी खाली बसायचो."

पहिला डाग पडला तेव्हा काकूंनी डोळे मिटले. दुसरा पडला तेव्हा एकच डोळा मिटला. तिसऱ्यानंतर त्यांनी कारभार हातात घेतला. "ए डुकरा, त्या कोपऱ्यात चिखल कमी पडलाय, इकडं लोळ! माकडा, चादरीला हळद लागली का? मग लाव की, बघतोस काय! करकोचेबुवा, सांडा! सांडा म्हणते!"

"काय मांडा?" करकोचा म्हणाला आणि त्यानं घाबरून खरंच सांडलं.

"शाब्बास!"

दाजीबाच्या हातात गुलाबाचा कप आला. पहिला घोट घेऊन त्यानं डोळे मिटले.

"कसा झालाय?"

"पातळ."

"चहा?"

"कप गं, कप. ओठाला कळतच नाही."

चहा संपला. दाजीबानं कप फिरवून बघितला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि तो दगडावर ठेवताना जरा जोरात ठेवला. टिक्! कपाचा कान वाळूत पडला.

काकूंचे सगळे काटे सळसळले.

"जकातीसाठी गं," दाजीबा म्हणाला.

"सांडलं असतं तरी चाललं असतं!"

"तडा बघतो म्हणाले ना साहेब. उगाच खोट नको राहायला."

दिवस मावळला. खेकडा तिरका तिरका आला. सोफ्याची चाळण झाली होती. चादरीवर हळद, चिखल आणि करकोच्याचा चहा होता. खेकड्यानं वास घेतला. लांब श्वास घेऊन घेतला. "घर आहे," तो म्हणाला. "जाऊ द्या."

मग तो थबकला. "कप पाचच आहेत. सहावा?"

काकूंनी मान खाली घातली. सहावा कप त्यांच्या पाठीवरच्या काट्यांत दडवलेला होता. कोरा. "एवढा एकच," त्या म्हणाल्या. "राहू द्या की साहेब. पाहुण्यांसाठी."

खेकड्यानं कपाकडं बघितलं. कुकरकडं बघितलं. "चहा उरलाय का?"

"आहे."

"मग मी कोण आहे?"

असा तो सहावा कपही सामानात गेला. जन्मात ज्याला कुणी चहा विचारला नव्हता, त्या खेकड्यानं वर आणखी अर्धा कप मागून घेतला. तपासणी पक्की व्हावी म्हणून.

सगळा संसार सुखरूप नदीपार गेला. हवा थंड होती, गवत मऊ होतं. काकूंनी सामान लावलं, लांबून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"ह्या भंगारात कुणाला बोलवायचं हो?"

माकडं तर तिकडंही होती आणि त्यांचा सेलही होता. आठ दिवसांत नवा सोफा आला. त्यावर प्लॅस्टिक आलं. नवं कपाट आलं. कपाटात नवा सेट आला, प्रत्येक कपावर निळं कमळ.

आणि गुलाबाचा सेट? तो आता जुना झाला ना. मोडका, डागाळलेला. तो रोजच्या वापराला काढला.

दाजीबा आता रोज सकाळी चाळण झालेल्या सोफ्यावर रेलतो. गुलाबाचा कप दोन्ही पंजांत धरतो, कारण कान तुटलाय. फू फू करतो. आणि निळ्या कमळांकडं बघतो.

"अगं, काढ की एकदा."

"पाहुणे आले की काढू."

दाजीबा आणखी एक घोट घेतो आणि अगदी सहज विचारतो, "ह्या देशाच्या पलीकडं कुठला देश आहे गं?"

तात्पर्य : मुलांनो, चांगल्या वस्तू वापरून टाकाव्यात, असं कुणी शिकवलं तर त्याचं ऐकू नका. त्या जपूनच ठेवाव्यात आणि सरकारनं दरडावलं तरच काढाव्यात. बायकोला जन्मभर विनवून जे होत नाही, ते खेकड्याच्या एका नांगीनं होतं. म्हणून ज्याला सुखानं चहा प्यायचा आहे, त्यानं प्रेमळ बायको, थंड हवा, मऊ गवत असलं काही शोधू नये. कडक जकातनाका शोधावा. आता घरी जा आणि आईला विचारा, कपाटातल्या वरच्या खणात काय आहे. मी सांगितलं असं मात्र सांगू नका. तुमच्या घरी मला अजून स्टीलच्या पेल्यातूनच चहा देतात.