साहेबाची शिफारस

संजय शिर्केचं कौतुक करायची सोय नाही. कोणी केलंच, तर तो ताबडतोब विरुद्ध बाजूचा पुरावा सादर करतो. "शर्ट छान आहे" म्हटलं की कॉलर उलटी करून विरलेली शिवण दाखवतो. एकदा शेजारच्या अमेयने त्याच्या गाडीचं कौतुक केलं, तर संजयने त्याला भर उन्हात गुडघ्यांवर बसवून गाडीच्या पोटाला धरलेला गंज दाखवला. आम्ही त्याच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा माझी बायको शुभदा आमटीला छान म्हणाली. संजय गंभीरपणे म्हणाला, "काकू, खाली लागली आहे. तुम्हाला वरची वाढली."

संजय जन्माने इंग्लंडचा, लेस्टरचा. आईवडील साताऱ्याकडून तिकडे गेलेले. चाळिशी उलटल्यावर त्याने मेघनाशी लग्न केलं आणि तो इथे, अमेरिकेत मॉरिसव्हिलला आला. मेघना इथेच वाढलेली. दर सोमवारी पहाटे ती विमानाने कामासाठी शॉमबर्गला जाते आणि गुरुवारी परतते. नवरा विलायतेहून आणला म्हणून आमच्या कॉलनीने त्याचं नाव ठेवलं 'साहेब'.

साहेबाची मराठी त्याच्या आईची, आणि आईने देश सोडला त्या दिवशी थांबलेली. इथली पोरं 'ड्राइव्ह करतो' म्हणतात, नव्याने आलेले तरुण 'यार' घातल्याशिवाय वाक्य संपवत नाहीत, आणि आमचा साहेब मोटार हाकत वाणसामान आणायला जातो.

लेस्टरला त्याने वीसएक वर्षं लिफ्ट तपासण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम केलं होतं. कुठल्याही इमारतीत शिरला की तो आधी लिफ्टच्या दाराशी जाऊन डोळे मिटून उभा राहतो. एखाद्याने बैठकीत ख्याल ऐकावा तसा. मध्येच मान हलवतो. दाद म्हणून एकच वाक्य, "अगदीच वाईट नाही." बंद पडायला आलेल्या लिफ्टलाही तो "जरा थकली आहे" यापलीकडे काही म्हणत नाही.

असा माणूस अमेरिकेत नोकरी शोधायला निघाला.

कामाची परवानगी मिळाली. लिफ्टच्या कामाची इथली परीक्षा त्याने पहिल्या झटक्यात काढली, वर ती पास झाल्याबद्दल "पेपर सोपा होता" अशी दिलगिरीही व्यक्त केली. मुलाखतींची बोलावणी येऊ लागली. तो जायचा आणि परत यायचा. पुढे काही व्हायचं नाही.

काय होतं ते आम्हाला शुभदामुळे कळलं. शुभदाने इथल्या एका सरकारी कचेरीत माणसं नेमण्याचं काम निवृत्त होईपर्यंत केलेलं. म्हणजे जन्मभर टेबलाच्या पलीकडे बसलेली. किराणा दुकानात मंगळवारी सकाळी तिला संजय भेटे. मंगळवारी सकाळी आपली बाकीची माणसं कचेरीत असतात, "काय साहेब, लागलं का कुठे?" असं विचारणारं कोणी नसतं, म्हणून त्याने ती वेळ धरलेली. मंडळाच्या गणपतीतही तो आरती होईपर्यंत बाहेर असे आणि मग थेट मागे जाऊन भांडी घासत बसे. नळाचा आवाज चालू असला की माणसं चौकशी करत नाहीत, हा त्याचा शोध.

शुभदाने त्याला तांदळाच्या पोत्यांपाशी गाठलं. "खरं सांग, आत काय विचारतात आणि तू काय सांगतोस?"

त्याने सांगितलं. गेल्या ठिकाणी विचारलं होतं, तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता? संजयने तीन सांगितले. एक, अहवाल लिहायला उशीर होतो. दोन, फोनवर बोलायला संकोच वाटतो. तिसरा काही आठवेना, तेव्हा तो म्हणाला, "विसरभोळेपणा धरा."

"आणि कामाबद्दल काय सांगितलंस?"

"म्हणालो, माझ्या लिफ्टमध्ये आजवर कोणी दगावलेलं नाही."

शुभदा पोत्यांना टेकून हसली. मग म्हणाली, "अरे, ते काय डॉक्टर आहेत तुझी दुखणी ऐकायला? मंगळवारी घरी ये."

तेव्हापासून दर मंगळवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर संजयची मुलाखत होऊ लागली. मी शेजारच्या खोलीत वाचत बसे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी झाल्यामुळे बोलण्याच्या आवाजात वाचणं मला जड जातं, म्हणून न वाचता नुसता ऐकत असे.

"स्वतःची एक चांगली गोष्ट सांग."

खुर्ची करकरली. "मी वेळेवर येतो."

"घड्याळही वेळेवर येतं. पुढे."

"काकू, लाज वाटते हो."

"वाटू दे. लाज वाटत असतानाच सांगायचं."

अमेयही कधी येऊन सल्ला देई. "साहेब, यार, थोडं सेल करा ना स्वतःला! मी तर ज्या सॉफ्टवेअरचं नुसतं नाव ऐकलंय, त्यात एक्स्पर्ट म्हणून सांगतो."

"आणि मग?" संजयने खऱ्या कुतूहलाने विचारलं.

"मग रात्री शिकतो."

लिफ्टच्या बाबतीत ते करता येत नाही, असं संजय फक्त पुटपुटला.

पुढे शुभदा आजारी पडली. इस्पितळात औषध चढवायचा दिवसही मंगळवारच ठरला. मला वाटलं, आता हे थांबेल. पण तिने संजयला निरोप दिला, "अभ्यास बुडवायचा नाही. तिथे ये." तो यायचा. मी तिला दाराशी सोडून गाडी लावायला जाई, आणि संजय तिच्याबरोबर वर जाई.

शुभदा गेली. तिच्या दिवसांना संजय आला, मागच्या ओळीत बसला, आणि मला न भेटता गेला. नंतरही फिरकला नाही. लांबून दिसला तर हात अर्धवट वर करून खाली घेई. मला वाटलं, मंगळवार संपले तसं हेही संपलं.

शुभदाचा मोबाइल मी बंद केलेला नाही. रोज चार्ज करतो. का, ते विचारायला घरात कोणी नाही. एका दुपारी तो वाजला.

"शुभदा आहेत का?" एका तरुण बाईचा आवाज.

जे सांगायचं ते मी सांगितलं. इंग्रजीत ते मी तोवर फारसं कोणाला सांगितलं नव्हतं. ती बिचारी इतकी ओशाळली की माफी मागून फोन ठेवायलाच निघाली. मी विचारलं, काय काम होतं? ती इथून जवळच्या रॅलेतल्या एका लिफ्ट कंपनीत होती. संजय शिर्के नावाच्या उमेदवाराने, आपल्याला ओळखणारी व्यक्ती म्हणून, शुभदाचा नंबर दिला होता.

"आणखी कोणाचे नंबर नाहीत का?"

होते. दोन. दोन्ही लेस्टरचे. ती सांगताना अडखळली, मग संकोचाने म्हणालीच. एक जण म्हणाला, "माणूस बरा होता." दुसरे, ज्यांच्या हाताखाली संजयने इतकी वर्षं काढली ते वरिष्ठ, म्हणाले, "तशी काही तक्रार नाही."

मी उभा राहिलो. लेस्टरच्या माणसाने 'तक्रार नाही' म्हणणं म्हणजे आपल्याकडची शाल आणि श्रीफळ! पण त्या मुलीला वाटत होतं, दोघं मिळून काहीतरी लपवताहेत. दुसरा एक उमेदवार होता, त्याच्याबद्दल सगळे भरभरून बोलले होते. आज संध्याकाळी नाव कळवायचं होतं.

"फोन ठेवू नका," मी म्हणालो. "मीही त्याला ओळखतो."

म्हणालो खरा, पण पुढे काय? तोंडावर सोडाच, पाठीमागेसुद्धा कोणाला चांगलं म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. जावयालाही आम्ही 'ठीक आहे' म्हणतो. कानाच्या पाळ्या तापल्या. दुपारी, रिकाम्या घरात, एका अनोळखी मुलीपुढे मला लाज वाटत होती. मी तसाच बोलू लागलो.

मी म्हणालो, माझ्या बायकोला लिफ्टची भीती वाटायची. लहानपणी कधी अडकली होती. आयुष्यभर ती जिने चढली. आजारपणात जिने चढवेनात आणि औषधाची खोली सहाव्या मजल्यावर. पहिल्या दिवशी ती लिफ्टच्या दाराशी रडली. त्यानंतर संजय तिच्याबरोबर जाऊ लागला. एकदा मीही त्यांच्याबरोबर वर गेलो, म्हणून मला माहीत आहे. तो तिला धीर देत नव्हता. 'घाबरू नका' असं एकदाही म्हणाला नाही. फक्त पुढचा आवाज कसला असेल ते आधी सांगत होता. आता टक् वाजेल, तो ब्रेक सुटल्याचा. आता अर्ध्यावर शेजारून वारा गेल्यासारखं वाटेल. आपल्या वजनाला तोलून धरणारं लोखंड असतं, आपण वर जाताना ते खाली जातं, ते भेटून गेलं. आता जरा रेंगाळेल, मजल्याशी नीट जुळवून घेते आहे. तो सांगे आणि तसंच होई. काही आठवड्यांनी माझी बायको अर्ध्यावर पोचली की स्वतःच म्हणू लागली, "गेले बघ तुझे लोखंडी पाहुणे." शेवटी शेवटी सगळं अवघड झालं, पण लिफ्ट सोपी झाली होती.

मग तिने त्यांचा ठरलेला शेवटचा प्रश्न विचारला. पुन्हा गरज पडली तर तुम्ही या माणसाला बोलवाल का?

मी हो म्हणालो. नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा म्हणालो.

दोन दिवसांनी संजय दारात उभा. नोकरी लागली होती. चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा.

"काका, मी नंबर बदलायला हवा होता. तुम्हाला फोन आला असेल. फार लाज वाटते."

"मग बदलला का नाहीस?"

"बदलून कोणाचा देणार? बायकोचा चालत नाही." मग म्हणाला, "आणि काकूंचं नाव खोडवेना."

"म्हणून इतके दिवस आला नाहीस?"

"काय तोंड घेऊन येणार? नोकरी नव्हती. त्यांनी एवढं शिकवलं आणि मला साधं..." त्या मुलीला मी काय सांगितलं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. आम्ही दोघांनी बुटांकडे पाहत चहा घेतला.

आता त्याला बरे दिवस आले आहेत. गाडीत कंपनीचं जाकीट टांगलेलं असतं. मंडळातही तो पुढच्या दाराने येतो.

परवा, मंगळवारीच, संध्याकाळी दार वाजलं. संजय कामावरच्या कपड्यांत. आत आला आणि जेवणाच्या टेबलाशी, त्याच्या नेहमीच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"काही काम होतं का रे?"

"नाही, काका." तो लाल झाला. "मेघना गुरुवारी येईल. तिच्याशी बोलतो फोनवर, पण ती दमलेली असते. कामावर सगळे विचारतात, हाउ आर यू. मी सांगायला लागतो, तोवर ते पुढे गेलेले असतात. काकू विचारायच्या आणि मग..."

मी पुस्तक मिटलं, त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसलो. त्या बाजूला मी आजवर बसलो नव्हतो.

"बस," मी म्हणालो. "कसा गेला दिवस?"

आणि थांबलो.