भोंग्यावरची शाळा

"शाळा बंद पडणार नाही! साथ येऊ दे, नाहीतर तिची आजी येऊ दे!" ओदिलियाबाईंनी सरपंच क्रिसोफोरोंच्या टेबलावर असा हात आपटला, की त्यांची कॉफी बशीत उतरली.

राजधानीतल्या साहेबांनी फर्मान काढलं होतं, की मुलांनी घरी बसून टीव्हीवरचे धडे बघावेत. साहेबांनी सान हासिंतो गावाचा डोंगर बघितला नव्हता! इथे टीव्ही लावला की नुसत्या मुंग्या दिसायच्या, आणि इंटरनेटचं तर नावच काढू नका. पोरं मेंढरांमागे हिंडत पाढे विसरली होती. वरच्या वर्गातल्या दोन पोरींना शहरात धुण्याभांड्याला धाडायची बोलणी सुरू झाली होती. बाईंचं डोकं फिरलं होतं ते त्यामुळे.

"पंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा द्या मला. रोज सकाळी तासभर. पोरं आपापल्या अंगणात बसून शिकतील!"

"एक जरी तक्रार आली ना बाई, तर भोंगा बंद," सरपंच म्हणाले.

"तक्रार? आणि माझी?" बाई मास्कच्या आत हसल्या.

पहिल्याच दिवशी गणित. पोरांना आपलंसं वाटावं म्हणून बाईंनी गावातलंच नाव घेतलं, मक्याच्या पिठाचे तामाले उकडून विकणाऱ्या काकूंचं. "तोमासाकाकूंनी चाळीस तामाले उकडले. त्यातले पंधरा आंबले. चांगले किती उरले?"

आता, या भोंग्यावर आजवर कधी कोणी काल्पनिक बोललंच नव्हतं. डुक्कर कापलंय, गॅसची गाडी आलीय, अमक्याचं गाढव सुटलंय, एवढंच. शिवाय निम्मं गाव नेहमी मधूनच ऐकायला लागतं. वजाबाकी राहिली बाजूला, तामाले घ्यायला निघालेली गिऱ्हाइकं अर्ध्या वाटेवरून मागे फिरली!

तोमासाकाकू पातेल्यासकट पंचायतीत हजर. "माझे तामाले आंबले? खा! आत्ता माझ्यासमोर खा!"

"काकू, ते उदाहरण होतं हो!"

"मग उदाहरणात स्वतःचा स्वयंपाक घालायचा होता!"

बाईंनी ताबडतोब माईक ओढला. "ऐका हो ऐका! काकूंचे तामाले उत्तम आहेत! कोणाचंही पोट बिघडलेलं नाही!"

झालं! तोवर पोटाचा विषयच कोणी काढला नव्हता. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाच्या पोटात दुखायला लागलं.

सरपंच चिडले. त्यांना खूश करावं म्हणून दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठ्या मानाने त्यांचंच नाव घेतलं. "सरपंचांनी आपल्या बारा शेळ्या चर्चमागच्या तीन घरांना सारख्या वाटल्या. प्रत्येक घराला किती?"

धडा संपायच्या आत चर्चमागची तिन्ही घरं दोर घेऊन सरपंचांच्या दारात! सगळ्यात पुढे म्हातारे एलेउतेरिओ, ज्यांनी जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती.

"चार येतात, सरपंच! मी बोटांवर दोनदा करून बघितलं. ती काळी मला द्या."

सरपंच भोंग्याची वायर उपटायलाच निघाले. बाई वायरीसमोर उभ्या राहिल्या. "उत्तर बरोबर आलं की नाही? मग शाळा चालू आहे! हात लावून दाखवा वायरीला!"

"उद्याचा शेवटचा दिवस," सरपंच दात खात म्हणाले. "आणि गावातल्या कोणाचं नाव घ्यायचं नाही. शेळीचंसुद्धा नाही!"

बाईंनी रात्रभर विचार करून अगदी निरुपद्रवी गणित शोधलं. "शहरातून सकाळी आठ वाजता एक बस चाळीस माणसं घेऊन निघाली. आपलं गाव साठ किलोमीटर. बसचा वेग ताशी तीस. बस किती वाजता पोचेल?"

साथ आहे तोवर बाहेरच्या माणसाला वेशीच्या आत घ्यायचं नाही, असा गावसभेचा ठराव होता. वेशीवर साखळी होती. आणि इथे शहरातून चाळीस माणसं!

बाई खाली उतरल्या तेव्हा गाव ओस पडलं होतं. सगळे वेशीवर! कोणी दगड रचत होतं, कोणी काठ्या परजत होतं, तोमासाकाकू क्लोरीनचा पंप पाठीला बांधून तयार. पोरं झाडांवर टेहळणीला. सगळ्यांच्या पुढे घड्याळात बघत सरपंच.

"दहाला यायला हवी होती," ते पुटपुटले. "साठ भागिले तीस, दोन तास. आठ आणि दोन दहा!"

बाई कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "बस माझ्या गणितात आहे, सरपंच! आणि गणित तुम्ही सोडवलंत. अख्ख्या गावाने सोडवलं! आता सांगा, कोणाच्या छातीत दम आहे शाळा बंद करायचा?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. सरपंचांनी घड्याळावर बाही ओढली. "चालू ठेवा," ते म्हणाले. पोरींना शहरात धाडू पाहणारे बापही मान खाली घालून रचलेले दगड बाजूला करायला लागले.

संध्याकाळी बाई विजयाच्या तोऱ्यात कुंपणाकुंपणाशी उभ्या राहून पोरांच्या वह्या तपासत गावभर फिरल्या. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच होतं: "बस आलीच नाही."

बाईंनी लाल पेन उचललं, जरा थांबल्या, आणि निमूटपणे बरोबरची खूण करत सुटल्या. चूक म्हणायला तोंड होतं कुठे!