वाढत्या अंगाचं व्हायोलिन

"पप्पांच्या वर्षाच्या मिस्सेला बटण वाजणार नाही! व्हायोलिन वाजेल, पप्पांचंच वाजेल आणि त्यांची नात वाजवेल!"

शेरॉनने हे चर्चच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं तेव्हा अर्धी तारोडी तिथेच उभी होती. उरलेल्या अर्ध्या गावाला शेजारच्या शकूमावशीने बोंबील विकता विकता दुपारपर्यंत कळवून टाकलं. म्हणजे माघारीचा रस्ता बंद!

भडका उडवला होता लॉयड अंकलनी. लॉयड अंकल म्हणजे चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. शेरॉनचे वडील रुडॉल्फ जन्मभर त्यांच्या शेजारी उभे राहून व्हायोलिन वाजवत आले होते. गेल्या वर्षी रुडॉल्फ गेले. आता वर्षाची मिस्सा, म्हणजे वर्षश्राद्धाची चर्चमधली प्रार्थना, जवळ आली तेव्हा लॉयड अंकल अगदी मायेने म्हणाले, "तू कशाला टेन्शन घेतेस, बेबी? माझ्या कीबोर्डमध्ये व्हायोलिनचं बटण हाय. दाबलं की रुडॉल्फ!"

दाबलं की रुडॉल्फ! ज्या माणसाच्या हनुवटीने लाकडाचं पॉलिश उडून तिथे पांढरट चट्टा पडला होता, ज्याच्या तारा जुळेपर्यंत घरात कुणी ताटावर बसत नसे, तो माणूस आता एका बटणात! शेरॉन वर्षभर फारशी रडली नव्हती. त्या न रडलेल्या रडण्याचा आता राग झाला. वरची घोषणा त्या रागाची.

घोषणेत एकच अडचण होती. नात, म्हणजे शेरॉनची मुलगी शर्लिन, सात वर्षांची होती आणि वयाच्या मानानेही चिमणी होती. तिने आजोबांचं व्हायोलिन छातीशी धरलं की धाकट्या बहिणीला कडेवर घेतल्यासारखं दिसे!

शेरॉन तिला घेऊन भाईंदर पूर्वेला जयकुमार सरांच्या क्लासमध्ये गेली. सरांनी शर्लिनचा डावा हात सरळ करायला लावला, व्हायोलिन तिच्या खांद्यावर ठेवलं आणि पाहिलं. व्हायोलिनचं टोक हाताच्याही पुढे निघून गेलं होतं.

"देखिए मॅडम, हात सीधा करने पर ये टोक तळहातात आलं पाहिजे, आणि बोटं त्याच्याभोवती अशी गोल वळली पाहिजेत. तो साइज सही. ये तो बडे आदमी का है. हिला वन-फोर्थ लागेल. पाव साइज."

"पाव?" शेरॉनच्या भुवया कपाळात गेल्या. "सर, पाव किलो कोळंबी घेतात. व्हायोलिन पाव घेत नाहीत!"

"मॅडम, बच्ची छोटी है."

"वाढेल की!"

इथे वाचकांना सांगायला हवं की शेरॉनच्या माहेरी मापाची वस्तू घेणं हा उधळेपणा समजला जाई. पोराला घ्यायचं ते वाढत्या अंगाचं! शेरॉनचा कम्युनियनचा फ्रॉक असा शिवला होता की पहिल्या दिवशी ती त्यात शोधावी लागली. तिच्या भावाचे शाळेचे बूट पुढे कागद कोंबून सुरू झाले, आणि कागद निघायच्या आतच तळ फाटले. पण पद्धत चुकली असं कुणी म्हटलं नाही. बूटच वाईट निघाले!

शेरॉन खूप वाचणारी बाई. पुस्तकांना जागा करता करता तिच्या नवऱ्याचे कपडे कॉटखाली गेले होते. पण वाचलेलं माणसाच्या कामी येतं ते हट्ट नसताना. सर सांगत होते, हात ताणून वाजवलं तर बोटं चुकीच्या जागी पडतील, खांदा दुखेल, पोरगी कंटाळेल. त्यांनी क्लासमधलं छोटं व्हायोलिन शर्लिनच्या हाती दिलं. पोरीने आठवड्याभरात त्यावर आजोबांचं आवडतं मारियेचं गीत असं गोड काढलं की खालच्या ड्रायक्लीनरने इस्त्री बाजूला ठेवली.

"मिस्सेला हेच घेऊन जा," सर म्हणाले. "खुशी से ले जाइए."

"नको. मिस्सा पप्पांची, व्हायोलिन पप्पांचं."

"पण मम्मी," शर्लिन म्हणाली, "आजोबांचं व्हायोलिन मला पुरत नाही."

"पुरत नाही म्हणतात छोट्या वस्तूला! हे उरतंय. उरलेलं बरं असतं!"

घरी अंगणात सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी शर्लिनने व्हायोलिनचा तो लांबलचक गज मागे ओढला आणि तो बांबूवर वाळत घातलेल्या बोंबलांत घुसला. बाहेर आला तो दोन बोंबील घेऊन! शकूमावशी कुंपणावरून ओरडली, "अगं ए शेरॉन, पोरीला वाजवायला शिकवतेस का मासे मारायला?" दुसऱ्या दिवसापासून सरावाला गावातली मांजरं नेमाने येऊन बसू लागली. त्यांचा संगीताशी संबंध नव्हता. गजाला वास होता.

शिवाय व्हायोलिन जड. चार सूर झाले की त्याचं टोक खाली झुकायचं, आणि गीत मारियेपासून सुरू होऊन जमिनीकडे जायचं.

मग प्रिन्सला तोडगा सुचला. प्रिन्स म्हणजे शेरॉनचा नवरा, बोटीवर जाणारा. बोलणं कमी, दोरी जास्त. जगातली कुठलीही अडचण बांधून ठेवता येते असं त्याचं मत होतं. त्याने मासे पकडायचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेतला, व्हायोलिनच्या टोकाला नाजूक गाठ मारली आणि दुसरं टोक वरच्या बांबूवरून घेतलं. झालं! व्हायोलिन हवेत तरंगू लागलं, वजन गेलं, शर्लिनला फक्त खांदा लावून वाजवायचं उरलं. आणि वाजलं की हो! तंगूस पारदर्शक, दिसायचासुद्धा नाही.

"बघ!" शेरॉन म्हणाली. "पाव साइज म्हणे!"

"चर्चमध्ये बांबू कुठून आणशील?" शेरॉनच्या आईने, म्हणजे पॅट्रिशियाने, विचारलं. ती या सगळ्यात पहिल्यांदाच बोलत होती.

"मागचा माळा आहे ना! पूर्वी पप्पा नि अंकल तिथेच वाजवायचे. शर्लिन माळ्याखाली उभी राहील, प्रिन्स वर बसून दोरी धरेल. लोकांची तोंडं पुढे वेदीकडे, अल्ताराकडे. कोणाला कळणार आहे?"

पॅट्रिशियाने नुसती छातीवर क्रूसाची खूण केली.

मिस्सेच्या दिवशी चर्च भरलं होतं. शकूमावशी नवी साडी नेसून मागच्या बाकावर बसली होती. रुडॉल्फने तिच्या पोराच्या हळदीला फुकट वाजवलं होतं, ती न येऊन कसं चालेल? लॉयड अंकल पुढे, अल्ताराच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून कीबोर्डपाशी. शेरॉनने त्यांना बजावलं होतं, "अंकल, त्या बटणाला हात लावायचा नाही!" अंकलनी हात वर करून दाखवले होते, पोलिसांना दाखवतात तसे.

कम्युनियन झाली, ख्रिस्तप्रसाद घेऊन लोक जागेवर बसले. शांतता पसरली. माळ्याखालून शर्लिनने गज टेकवला आणि मारियेचं गीत सुरू झालं.

पहिली ओळ सुरेख! शेरॉनने डोळे मिटले. वर्षभरात पहिल्यांदा तिला वाटलं की मागे वळून पाहिलं तर पप्पा दिसतील.

दुसऱ्या ओळीत वरचा सूर होता. शर्लिनचं बोट काही तिथवर पोचेना. सर म्हणाले होते तसंच. म्हणून तिने काय केलं, तर बोट पुढे न्यायच्या ऐवजी व्हायोलिनच स्वतःकडे ओढलं. जोरात!

वर माळ्यावर प्रिन्स सासऱ्याच्या आत्म्यासाठी मनापासून प्रार्थना करत होता. डोळे मिटलेले, तंगूस बोटाभोवती. आणि तंगुसाला झटका बसला. आता ज्याच्या सात पिढ्या समुद्रावर गेल्या त्याच्या हातात दोरी आहे आणि दोरीला झटका बसला, तर तो माणूस काय करेल? विचार करेल? प्रिन्सने सपासप दोरी खेचली!

व्हायोलिन शर्लिनच्या खांद्यावरून निघालं आणि उभंच्या उभं वर चाललं. हळूहळू गिरक्या घेत. शर्लिनचा गज हवेतच दोन वेळा पुढेमागे झाला.

सगळ्यांत आधी दिसलं ते लॉयड अंकलना. त्यांचं तोंड उघडलं ते मिटेना. ते बघून लोक मागे वळले. आणि शकूमावशीने चर्च दणाणून सोडलं, "आयला! रुडॉल्फ आयला! सोताचा व्हायोलिन घ्यायला आयला!"

मग काय विचारता! कुणी गुडघ्यावर, कुणी बाकाखाली. एका आजींनी "रुडॉल्फ, माझ्या आल्फ्रेडला निरोप सांग" म्हणून घेतलं. फादर मायक्रोफोनमधून "शांत राहा, शांत राहा" म्हणत होते, पण त्यांचा स्वतःचा आवाज कापत होता. शर्लिन वर बघून ओरडली, "डॅडी, माझं व्हायोलिन!" तेव्हा प्रिन्सने डोळे उघडले आणि आपण काय पकडलंय ते पाहिलं. व्हायोलिन कठड्याशी येऊन लोंबकळत होतं.

गीत अर्धवट राहिलं होतं. त्या गोंधळात शेरॉनने पाहिलं, लॉयड अंकलचं बोट हळूच कीबोर्डकडे सरकत होतं. बटणाकडे!

"अंकल, हात मागे!"

एवढं ओरडून शेरॉनने शर्लिनच्या हातातला गज घेतला आणि ती माळ्याचा जिना चढली. प्रिन्सच्या हातातून तिने व्हायोलिन ओढून घेतलं. आयुष्यात तिने गज कधी धरला नव्हता. तरी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. पांढरट चट्ट्यावर तिची हनुवटी बरोबर बसली, डावा हात टोकापर्यंत आरामात गेला. खाली शर्लिनने गायला सुरुवात केली आणि वर शेरॉनने गज ओढला.

काय तो आवाज! बोटीचं इंजिन थंडीत सुरू होताना करतं तसा. एक तार किंचाळली, दुसरी कण्हली. शेरॉनचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. संपूर्ण गीत, शेवटच्या ओळीपर्यंत, दात-ओठ खाऊन वाजवलं. बटण वाजणार नाही म्हणजे नाही!

गीत संपलं. आता सगळे हसतील, असं मनाशी धरून ती मान ताठ ठेवून खाली उतरली. बघते तर बाकाबाकांवर रुमाल निघालेले! शकूमावशी ढसाढसा रडत होती.

"अगं, तोच आवाज! हुबेहूब! तुजा बापूस असाच वाजवायचा!"

"असाच?" शेरॉनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"असाच गं! शेवटाला तर अगदी त्याच्यासारखी घसरलीस!"

लॉयड अंकल चष्मा पुसत आले. त्यांचेही डोळे भरले होते. "बेबी, तुला काय वाटलं, मी ते बटणवालं कीबोर्ड उगाच घेतलं? पण तोंडावर सांगणार कोण? माझा दोस्त होता तो."

शेरॉन तडक आईकडे गेली. पॅट्रिशिया शर्लिनची वेणी नीट करत होती.

"मम्मी, पप्पा बेसूर वाजवायचे?"

"हां. लय."

"तुला माहीत होतं? आणि तू इतकी वर्षं ऐकत राहिलीस?"

"ऐकत कुठं होते?" पॅट्रिशिया म्हणाली. "मी बघत होते."

शेरॉन व्हायोलिनची पेटी उघडू लागली. शर्लिनने तिचा हात ओढला. "मम्मी, हे तुझ्याच मापाचं आहे. मला सरांचं छोटं घेशील ना?"

"घेईन."

तेवढ्यात फादर आले. घसा साफ करून अगदी हळू आवाजात म्हणाले, "शेरॉन, पुढच्या वर्षी... मी म्हणतो, दोन मिनिटं मौन पाळलं तर?"

शेरॉनने पेटी उघडली होती ती तशीच ठेवली. व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली धरलं आणि गज उचलला.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, फादर. आत्ता मला सराव करायचाय."

मिस्सेनंतरच्या चहाला त्या दिवशी फारसं कुणी थांबलं नाही.